विठाबाईच्या विहिरीतला दिवा

दिवा विझला तसा सगळा जमाव मटकन खाली बसला.

भर दुपार होती. वाऱ्याचा मागमूस नव्हता, बाभळीचं पान हलत नव्हतं. चिंचोळवाडीच्या शिवारात विठाबाईच्या विहिरीभोवती आसपासच्या वाड्यांची माणसं सकाळपासून दाटली होती. काही तर अहमदपूरहून एस.टी.नं आली होती. शिंकाळ्यात ठेवलेला तेलाचा दिवा महाराजांचा चेला दोरानं हळूहळू खाली सोडत होता. दगडी बांधकाम संपून खडक सुरू होतो तिथवर ज्योत सरळ होती. खडकाला लागताच ती आकसली, लालसर झाली आणि गेली. दिवा वर घेतला तर तेल भरलेलं, वात शाबूत. पुन्हा लावला, पुन्हा सोडला. पुन्हा त्याच जागी विझला.

"बघितलं का?" कुबडीमहाराज म्हणाले. त्यांचा आवाज बारीक होता, पण जमाव इतका चिडीचूप होता की शेवटच्या माणसालाही तो ऐकू गेला. "फुंकर कुणाची? वारा तर न्हाई. तिचीच हाय. पोटुशी गेली ती. वल्ली बाळंतीण समजा. बाळंतिणीला उजेड सोसतो का?"

"न्हाई, महाराज," बाया एका सुरात म्हणाल्या. बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर दिवा तेवत ठेवायचा असतो, हे त्यांच्यातल्या एकीलाही त्या क्षणी आठवलं नाही.

मग महाराजांनी 'वारा घालण्याचा' विधी सुरू केला. लिंबाच्या डहाळ्यांचे मोठाले भारे दोराला बांधून चेले विहिरीत सोडायचे आणि वर ओढायचे, सोडायचे आणि ओढायचे. जोडीला पाणी. ज्या गावात टँकर आला की घागरीवरून डोकी फुटायची, त्या गावानं घागरीमागून घागरी विहिरीत उपड्या केल्या. महाराज कुबडीवर हनुवटी टेकून पुटपुटत होते. ऊन कलायला लागलं तेव्हा ते उठले, कमरेला दोर बांधून खाली उतरले आणि जिवंत वर आले. हातात चार हिरव्या बांगड्या.

लोकांनी विहिरीच्या काठावर लोळण घेतली.

या साऱ्याच्या मागं, बाभळीखाली, डॉक्टर पंचशीला उभी होती. चिंचोळवाडीच्या सरकारी दवाखान्यात तिची ही पहिलीच नेमणूक. दिवसभर दवाखान्यात चिटपाखरू फिरकलं नाही म्हणून ती गाव कुठं गेलं ते बघायला आली होती. बांगड्या बघून तिला हसू आलं. महाराजांच्या कफनीला खिसे होते हे तिनं आधीच पाहिलं होतं. पण दिव्याचं काय, ते तिला सांगता येईना. तिच्या डोळ्यांदेखत, वाऱ्याशिवाय, दिवा एकाच जागी विझला होता. तिच्या हातावर काटा आला होता आणि त्याचा तिला राग आला होता.

लातूर जिल्हा होऊन तीनेक वर्षं झाली होती आणि त्यातलं एकही वर्ष धड पावसाचं गेलं नव्हतं. नव्या जिल्ह्याच्या पाट्या रंगल्या, विहिरी मात्र आटत गेल्या. म्हणून गावानं विठाबाईची विहीर उघडायचं ठरवलं. फार वर्षांपूर्वी विठाबाई नावाच्या सासुरवाशिणीनं त्या विहिरीत जीव दिला होता. तेव्हापासून तोंडावर शिळा टाकून विहीर बंद होती. ती ज्या रानात होती ते व्यंकटच्या वाटणीचं. व्यंकटनं शिळा सरकवली आणि गाळ काढायला तो आत उतरला. वर दोर धरून बायको होती, सिंधु. दोन चार हाका झाल्या आणि मग उत्तर यायचं थांबलं. आरडाओरडा ऐकून शेजारच्या रानातला श्रीमंत धावत आला, तसाच आत उतरला, आणि तोही बोलला नाही.

गळ टाकून दोन्ही देह वर काढले तेव्हा पंचशीला तिथं होती. अंगावर जखम नव्हती. विहिरीत बुडण्याइतकं पाणी नव्हतं. साप चावल्याची खूण नव्हती. गावाचा निकाल तिच्या तपासणीच्या आधीच लागला होता: विठाबाईनं ओढलं.

आणि आठ दिवसांच्या आत कुबडीमहाराज गावात हजर झाले. प्रेताचा वास घारीला लागावा तसे.

*

सिंधुला वेड लागलं असं सगळे म्हणत होते. पंचशीला तिच्या घरी गेली तेव्हा सासू, पार्वतीबाई, दारातच आडवी आली.

"बाई, तुम्ही जा. महाराजांनी सांगितलंय, सुईचं औषद न्हाई चालत. तिच्या अंगात विठाबाई हाय."

"मावशी, मी सुई आणलीच नाही. नुसतं बघते."

सिंधु आतल्या खांबाला साखळीनं बांधलेली होती. केस पिंजारलेले, ओठ फुटलेले. ती ओरडत नव्हती की घुमत नव्हती. तिचे दोन्ही हात तेवढे चालू होते. एका हातानं पुढं धरायचं, मागं ओढायचं, मग दुसऱ्या हातानं धरायचं. हवेतच. तळहातांवर दोरानं सोललेल्या जखमा होत्या आणि त्या चिघळल्या होत्या.

"दिवसरात हेच करायली," पार्वतीबाई म्हणाली. "विठाबाई तिच्या हातानं माणसं ओढायली म्हणतेत महाराज. माझा लेक वढला, निवृत्तीमामांचा श्रीमंत वढला. आता आणिक कोण?"

पंचशीला साखळीजवळ बसली. जखमा धुताना ती हळूच म्हणाली, "सिंधु, कुणाला ओढतेस?"

हात चालूच होते. मग सिंधु बोलली. आवाज घोगरा होता, पण त्यात भूतबीत कोणी नव्हतं.

"ते म्हणले, पाय जड झालेत. डोकं गरगरायलंय, वर घे. मी वढलं, बाई. लई वढलं. ते लई जड होते."

पार्वतीबाई भिंतीला टेकली. लेकाचे शेवटचे शब्द ती पहिल्यांदाच ऐकत होती. आजवर सुनेला कुणी विचारलंच नव्हतं.

पाय जड झाले. डोकं गरगरलं. पंचशीला हे शब्द मनात घोळवत अंगणात आली आणि एका गोल शिळेवर उभी राहिली.

"त्याच्यावर हुबं राहू नका बाई," पार्वतीबाई मागून म्हणाली. "जुनं पेव हाय. ज्वारी न्हाई आता त्यात, पर फरशी खचली तर पाय जाईल."

पंचशीला शिळेवरून खाली उतरली आणि जागच्या जागी थांबली. लोह्याला आजोळी असंच पेव होतं. जमिनीत खोल, ज्वारीनं भरलेलं, वरून लिंपून टाकलेलं. ते उघडलं की आजी पोरांना जवळ फिरकू देत नसे. आधी दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. 'पेवाला वाफ धरलीय' म्हणायची. पुढं वैद्यकीय कॉलेजात ती त्या वाफेचं खरं नाव शिकली होती, पण आजीचं पेव आणि पुस्तकातलं पान यांची गाठ तिच्या डोक्यात आज पडत होती.

बंद विहीर. वर्षानुवर्षं आत कुजलेला पाला, मेलेली पारवं, ओला गाळ. वारा जायला वाट नाही. तिथली हवा जळायच्याही कामाची नाही आणि श्वासाच्याही. ज्योत विझते तिथंच माणूस विझतो.

आणि महाराज जिवंत वर येतात, कारण उतरण्याआधी ते तास न् तास डहाळ्यांनी आतली हवा घुसळून काढतात, वरून पाणी ओततात. मंत्र ओठांवर, काम डहाळ्यांचं. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या कोपरापर्यंतच्या हातांवर बारीक निळे ठिपके होते. 'देवीच्या आगीच्या खुणा' असं ते सांगत. नांदेडच्या रुग्णालयात पंचशीलानं तसे हात पाहिले होते. विहिरीत सुरुंग उडवताना दारूचे कण कातडीत शिरले की तसे ठिपके जन्मभर राहतात. महाराजांनी अर्धं आयुष्य विहिरी खोदण्यात घालवलं होतं. कुबडी नंतर आली.

"मावशी," तिनं विचारलं, "सिंधुचं महाराज पुढं काय करणार आहेत?"

पार्वतीबाईनं नजर चुकवली. "अमावास्येला तिची वटी भरून हिरीत सोडायचं. विठाबाईला भेटवायचं. तिनं सोडली तर वर यील, बरी हून."

"आणि त्या दिवशी वारा घालणार?"

"न्हाई म्हणले. त्या दिवशी डहाळं चालत न्हाई. बाईची बाईशी भेट असती."

पंचशीलाला आता सगळा हिशेब लागला. व्यंकट गेला, त्याला मूल नव्हतं. ते रान आणि ती विहीर सिंधुच्या नावावर येणार होती. महाराजांना तिथं मठ बांधायचा होता, हे तर ते रोज भर सभेत सांगत होते. सिंधु गेली की रान पार्वतीबाईच्या हातात, आणि पार्वतीबाई महाराजांच्या शब्दाबाहेर नव्हती.

*

त्याच संध्याकाळी सरपंच साहेबराव दवाखान्यात आले. बसले नाहीत.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुमचं काम दवाखान्याचं. गावाच्या देवाधर्मात पडू नका. सिंधुच्या घरी गेलता तुम्ही. लोक काय बोलायलेत, ठाऊक हाय का? म्हणतेत, हिच्या लोकांना हीर पाहिजे, म्हणून महाराजांना खोटं पाडायली."

"सरपंच, अमावास्येला ती पोर मरणार आहे. व्यंकट मेला तशीच."

"मरंल न्हाईतर बरी हुईल. महाराज जाणे." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "हितं नवीन हाव तुम्ही. येकल्या राहता. सांगायचं काम केलं."

दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडं पाणी भरणारी बाई यायची बंद झाली. दाराला कुणीतरी लिंबू-मिरच्या आणि कोंबडीची पिसं बांधून गेलं. तिनं ती काढून चुलीत टाकली आणि तालुक्याला पोलिसांना निरोप धाडला. जीप टँकरच्या बंदोबस्ताला गेली होती. अमावास्येच्या संध्याकाळपर्यंत पाठवतो, असं उत्तर आलं. विधी दुपारी होता.

*

अमावास्येला विहिरीवर एवढी गर्दी होती की झाडांवरही माणसं चढली होती. सिंधुला हिरवं लुगडं नेसवलं होतं, कपाळभर मळवट होता. कमरेला दोर. तिचे हात चालूच होते. महाराज डोळे मिटून म्हणत होते, "विठामाय, तुझी मैतरीण यायली. वटी घे, वाट दे..."

पंचशीला गर्दी कापत गेली आणि विहिरीच्या काठावर, सिंधु आणि विहिरीच्या मध्ये, उभी राहिली.

"हिला हिरीवर कुणी येऊ दिलं?" कुणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं जात काढली. एक दगड आला आणि तिच्या खांद्याला लागला. ती हलली नाही. हलली असती तर मागं विहीरच होती.

"मी विधी थांबवत नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "एवढंच म्हणते, महाराजांनी आधी उतरावं. आत्ता. डहाळे न घालता, पाणी न ओतता. विठाबाईला सांगून यावं, पाहुणी येतेय म्हणून."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. महाराजांनी डोळे उघडले.

"आज पुरुषाला मनाई हाय."

"मग मागच्या वेळी तुम्ही डहाळे घालून का उतरलात? तुम्ही तर सिद्ध पुरुष. तुम्हाला कशाला लागतात डहाळे?"

"तो देवीचा मान हाय, पोरी. तुला न्हाई कळायचं. तुमच्यात देवी न्हाई."

"मान आहे तर आज का नको?"

महाराजांनी कुबडी या हातातून त्या हातात घेतली. ते लोकांनी पाहिलं. साहेबराव पुढं झाले तसं पंचशीलानं त्यांच्याकडं वळून सांगितलं, "सरपंच, तालुक्याला मी कळवलंय. आज इथं काय होणार आणि कोण उभं राहून बघणार, नावानिशी." साहेबरावांचा पाय जागीच थांबला.

मग तिनं गर्दीत निवृत्तीमामांना शोधलं. श्रीमंतचे वडील. लेक गेल्यापासून त्यांनी पागोटं बांधलं नव्हतं.

"मामा, तुमच्याकडं पेव होतं?"

म्हातारा गोंधळला. "व्हतं की. तीन व्हते."

"उघडल्या उघडल्या आत उतरत होता?"

"न्हाई. वाफ जाऊ द्यावी लागती. माणूस मरतंय. आमच्या चुलत्याचा गडी गेला तसाच."

"मरायच्या आधी काय होतं?"

"पाय लटपटतेत. डोकं फिरतं. वराडायलाबी हुत न्हाई."

"आणि वाफ गेली का नाही, हे कसं बघायचं?"

"कंदील सोडायचा. तो इझला तर..."

निवृत्तीमामा बोलायचे थांबले. त्यांनी विहिरीकडं पाहिलं, मग काठावरच्या शिंकाळ्यातल्या दिव्याकडं. ते म्हणाले, "हीर बी पेवच हाय की. झाकलेलं. हे मला ठाऊक व्हतं, माय. माझा लेक उतरला तवा मी खळ्यावर व्हतो. येक हाक मारली असती तर..."

"मामा, विहिरीला पेव कुणी समजत नाही. कुणाच्याच ध्यानात आलं नसतं. पण यांच्या आलं." तिनं महाराजांकडं बोट केलं. "यांच्या हातावर देवीची आग नाही, सुरुंगाची दारू आहे. विहिरी खोदणारा माणूस हा. कुठली हवा मारते आणि ती कशी काढायची, हे याला तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं कळतं. स्वतः उतरताना हवा काढली. सिंधुला सोडताना काढायची नाही म्हणाला. का ते तुम्हीच विचारा."

कुणी विचारलं नाही. पण मागं सरकायला लागलेल्या महाराजांना वाटही कुणी दिली नाही.

तेव्हा पार्वतीबाई पुढं आली. तिनं सुनेच्या कमरेचा दोर सोडला आणि त्याच दोराला लिंबाचा भारा बांधला.

"मंतर न्हाई म्हणायचा कुणी," ती म्हणाली. "नुसतं हलवायचं. बघू दे मला."

बाया तिच्या हाताखाली आल्या. आधी दोन, मग दहा. सोडायचं, ओढायचं. कुणी पुटपुटत नव्हतं. श्वासाचा आणि डहाळ्यांचा तेवढा आवाज होता. मध्ये एकदा दिवा सोडला, तो खाली जाऊन विझला. पुन्हा भारे हलले. ऊन पाठीवरून कुशीवर आलं. मग निवृत्तीमामांनी आपल्या हातानं दिवा लावला आणि सोडला. बांधकाम संपलं, खडक लागला, ज्योत जरा कापली आणि खाली उतरत गेली. तळाच्या गाळावर टेकली. जळत राहिली.

विहिरीच्या काठावर ओणवं झालेलं सगळं गाव त्या ज्योतीकडं बघत होतं.

पंचशीलानं पदर खोचला, कमरेला दोर बांधला. "मी उतरते. दिवा माझ्या पुढं सोडा. तो विझला किंवा मी हाकेला ओ दिली नाही तर लगेच वर ओढा. कुणी मागं उतरायचं नाही." तिला भीती वाटत होती. एकेक खोबण पायानं चाचपत ती उतरली. खाली गार होतं, कुजट वास होता. गाळात व्यंकटचं खोरं उभं रुतलेलं होतं. दिवा जळत होता. बाकी तिथं कोणी नव्हतं.

ती वर आली आणि सरळ सिंधुपुढं जाऊन बसली. "ऐक. मी खाली जाऊन आले. तिथं विठाबाई नाही. हवा वाईट होती, तिनं व्यंकट गेला. तो जड झाला तेव्हा त्याची शुद्ध हरपली होती. अंग सोडलेल्या गड्याला त्या खोलातून एकट्यानं ओढणं कुणालाच जमलं नसतं, एखाद्या गड्यालाही. तू सोडलं नाहीस. तुझे हात बघ, तू सोडलं नाहीस."

सिंधु तिच्याकडं बघत राहिली. हात थांबले नाहीत. पण तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. व्यंकट गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती, असं पार्वतीबाई म्हणाली.

संध्याकाळी जीप आली. साहेबरावांनी महाराजांना पुढाकार घेऊन पोलिसांच्या हवाली केलं, जणू सुरुवातीपासून त्यांनाच संशय होता. महाराजांचं नाव सटवाजी निघालं. विहिरींवर सुरुंग लावायचं काम करायचा.

*

सिंधुचे हात थांबायला पुढचा हिवाळा उजाडला. मधल्या काळात ती दवाखान्यात यायची, औषध घ्यायची, बाकावर बसून राहायची. एक दिवस पंचशीलाच्या लक्षात आलं की तिचे हात मांडीवर स्वस्थ आहेत. पंचशीलानं पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

विहिरीतला गाळ काढला तेव्हा गुडघाभर पाणी लागलं. ते सगळ्या गावानं भरलं. बौद्धवाड्यातल्या बायांना मात्र पहिल्या दिवशी उभं करून ठेवलं होतं. पंचशीला स्वतः कळशी घेऊन रांगेत उभी राहिली, तेव्हा रांग हलली.

आणि एका सकाळी दवाखान्याच्या पायरीवर एक अनोळखी बाई नारळ आणि हळदकुंकू घेऊन बसलेली दिसली. हिमायतनगरकडून आली होती. पोरगं रात्री दचकतं म्हणाली. "तुमच्या हातात शक्ती हाय म्हणतेत, माय. तुम्ही हिरीतली बाई बांधली. माझ्या पोराला येक धागा द्या."

पंचशीला संतापली. एका भोंदूला घालवलं, तर लोकांनी त्याच्या रिकाम्या पाटावर तिलाच बसवलं होतं. तिनं नारळ परत त्या बाईच्या ओटीत ठेवला आणि पोराला तपासलं. पोटात जंत होते, अंगात रक्त नव्हतं. तिनं गोळ्या दिल्या आणि बाईला समोर बसवलं.

"मी कुणाला बांधलं नाही. विहिरीत वाईट हवा होती, ती डहाळ्यांनी हलवून बाहेर काढली. तुम्हीही काढू शकता. ती काढायला शक्ती लागत नाही, मंत्र लागत नाही, माझा हात लागत नाही. आणि कुणी तुम्हाला असं काही दाखवलं, की ज्यानं तुम्हाला भीती वाटेल, तर पाया पडायच्या आधी त्याला विचारायचं: हे कसं होतं? सांगितलं नाही तर पुन्हा विचारायचं. खरा माणूस सांगतो. खोटा रागावतो. एवढं घरी जाऊन पाच बायांना सांगा, तीच माझी फी."

बाईनं मान डोलावली. तिला पटलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. गोळ्या पदराच्या गाठीत बांधून ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिथं थांबली.

"बाई," ती जरा भीत भीतच म्हणाली, "हे जंत पोटात जातेत कसे?"

पंचशीलानं खुर्ची पुढं ओढली. "बसा," ती म्हणाली. "सांगते."